यशोगाथा बाजूला ठेवा, केस शिकवा: उद्योजकतेच्या तासासाठी सविस्तर मार्गदर्शक

उद्योजकतेच्या तासाला आपल्याकडे सर्रास यशोगाथा सांगितल्या जातात. अमुक माणूस खिशात शंभर रुपये घेऊन मुंबईत आला, हाल काढले, आज शेकडो कोटींची उलाढाल. मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि डबा खायला जातात. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे ऐकणाऱ्याला डोकं चालवायची वेळच येत नाही. मागे वळून पाहिलं की प्रत्येक निर्णय बरोबरच दिसतो.

केस म्हणजे निर्णयाच्या अलीकडे तोडलेली गोष्ट. माणूस अडला आहे, हातात माहिती आहे पण अपुरी आहे, वेळ थोडा आहे, आणि पुढचं पान कोरं आहे. ते विद्यार्थ्याने भरायचं. हार्वर्डच्या कायदा शाखेत लँगडेल यांनी 1870 पासून खटल्यांवरून कायदा शिकवायला सुरुवात केली. तिथल्याच बिझनेस स्कूलचे डीन वॉलेस डोनम मूळचे कायद्याचे. त्यांनी हीच पद्धत व्यवसाय शिक्षणात रुजवली आणि 1921 साली पहिली लिखित केस तयार झाली, एका बूट कंपनीची. आपल्याकडे 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या सहकार्याने हीच वाट धरली. पण केस शिकवायला आयआयएमच लागतं असं नाही. बीकॉमचा वर्ग, आयटीआय, बचत गटाचं प्रशिक्षण, उद्योजकता विकासाचा पंधरा दिवसांचा कोर्स, सगळीकडे ती चालते. फक्त तयारी वेगळी लागते.

आधी ठरवा: तासानंतर मुलाला काय करता आलं पाहिजे

‘उद्योजकतेची ओळख’ हे उद्दिष्ट नव्हे, तो अभ्यासक्रमातला मथळा झाला. उद्दिष्ट असं लिहा: ‘नफा दिसत असूनही हातात रोख का नसते, हे विद्यार्थी आकडे मांडून दाखवेल.’ किंवा ‘एकाच मालाच्या दोन प्रती, एक उत्तम आणि एक हलकी, काढाव्यात की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलेल.’ एका केसमध्ये एकच मोठा निर्णय ठेवा. विपणन, मनुष्यबळ, वित्त, कायदा असं सगळं एका केसमध्ये कोंबलं की चर्चा चौफेर फिरते आणि कुठेच पोचत नाही.

केस निवडताना

मोठ्या कंपन्यांची ओढ सगळ्यांनाच असते. टाटांच्या नॅनो गाडीचा कारखाना 2008 साली पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला हलवला, हा प्रसंग अभ्यासण्याजोगा आहेच. पण अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा त्यावर ‘टाटांनी असं करायला हवं होतं’ याच्या पलीकडे फारसं बोलू शकत नाही, कारण त्या खुर्चीत तो स्वतःला बसवू शकत नाही. पापड, पोळ्या, चपला, मिठाई इथे मात्र तो ठामपणे बोलतो. त्याच्या आईला, मामाला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याने तेच करताना पाहिलेलं असतं.

महाराष्ट्रात केसचं पीक उदंड आहे. पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर पिढ्यान्‌पिढ्या विनोद झाले. 2017 साली त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. केस त्या निर्णयाच्या आदल्या महिन्यात थांबवा आणि विचारा: तीन तास जास्त उघडं ठेवल्याने विक्री वाढेल, की तीच विक्री दिवसभर पसरेल? पाळ्या कशा लावाल? आणि ज्या सवयीमुळे दुकानाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, ती मोडावी का? शेवटच्या प्रश्नावर पुण्याबाहेरची मुलं जास्त हिरिरीने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात तयार झालेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानमधल्या फॅशन शोमध्ये मूळ कारागिरांचा उल्लेख न करता तशाच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला. केस त्यानंतरच्या आठवड्यात थांबवा आणि विद्यार्थ्याला चपला शिवणाऱ्या कारागिराच्या जागी बसवा. नाव गाजलंय, मागणी येईल असं वाटतंय, पण एका कुटुंबाच्या हातून दिवसाला होणाऱ्या जोडांना मर्यादा आहे. दर वाढवायचा, माणसं वाढवायची, की कुठल्या मोठ्या ब्रँडला माल द्यायचा?

डबेवाल्यांची केस बहुतेकांना माहीत असते, त्यांच्यावर हार्वर्डनेही केस लिहिली आहे. पण ती नेहमी कौतुकाच्या सुरात शिकवली जाते. लाखो डब्यांत एखादीच चूक, हे वाक्य तर ठरलेलंच. कुणी साठ लाखांत एक म्हणतं, कुणी ऐंशी लाखांत, कुणी त्याहून जास्त. वर्गाला नेमका हाच प्रश्न द्या: हा आकडा कुणी मोजला, कसा मोजला, चूक कशाला म्हटलं? ही गोष्ट तोडायची दुसरी जागा त्याहून चांगली आहे. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या. सायकल, हातगाडी आणि लोकल यांवर उभी असलेली, 1890 पासून चालत आलेली व्यवस्था. गाड्या नाहीत, ऑफिसं बंद, माणसं गावी गेलेली. आता काय?

हार्वर्ड किंवा आयआयएमच्या केस विकत घ्याव्या लागतात, आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मोजून. एक प्रत घेऊन झेरॉक्स वाटणं त्यांच्या परवान्याच्या अटींत बसत नाही. शिवाय पंधरा-वीस पानांची इंग्रजी केस आदल्या रात्री वाचून येणारी मुलं आपल्या वर्गात किती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून स्वतः लिहिलेली एक-दीड पानाची मराठी केस पुष्कळदा जास्त कामाची ठरते.

तोडायचं कुठे: लिज्जतचा पहिला पावसाळा

केस लिहिण्यातलं खरं कसब कात्री कुठे लावायची यात आहे. लिज्जतची गोष्ट घ्या. नेहमी ती ‘सात बायका, ऐंशी रुपये, आज हजारो भगिनी’ अशी सांगितली जाते. त्याऐवजी वर्गात मी साधारण एवढाच मजकूर देईन:

‘गिरगाव, मुंबई. जून 1959. गेल्या 15 मार्चला सात गुजराती भगिनींनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. भुलेश्वरमधला एक व्यापारी माल घेतो. तीन महिन्यांत बायकांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली आहे. काही झालं तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, असं सगळ्यांचं ठरलं आहे. पापड गच्चीवर उन्हात वाळतात. आता पाऊस सुरू झाला आहे.’

बस. यात ‘लिज्जत’ हे नाव नाही, कारण ते नाव 1962 साली ठेवलं गेलं. पण गिरगाव, सात बायका आणि पापड म्हटल्यावर मुलं ओळखणारच, कुणीतरी मोबाइलही काढणार. ओळखू द्या. नाव सगळ्यांना माहीत असतं, त्या पावसाळ्यात काय झालं हे सहसा माहीत नसतं.

मग सूचना येतात. ड्रायर घेऊ. (किती रुपयांचा? 1959 साली? भांडवल पुन्हा वाचा.) हॉल भाड्याने घेऊ. पावसाळ्यात लोणची करू. व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊ. एप्रिल-मेमध्येच दुप्पट लाटून साठवू. या शेवटच्या सूचनेवर थोडं थांबा, ती दिसते तितकी सोपी नाही: साठवायला जागा कुठली, चार महिन्यांत माल नरम पडला तर, आणि साठ्यात अडकलेल्या पिठाचे पैसे आणायचे कुठून? साठ्याचा खर्च हा धडा पुस्तकातून शिकवायला अख्खा तास जातो. इथे तो मुलांच्याच तोंडून येतो.

प्रत्यक्षात काय झालं ते शेवटी सांगा. पहिल्या वर्षी चार महिने काम बंदच ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, पेटता स्टोव्ह खाटेखाली. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिचा फायदा घेऊन लगेच विचारा: मग हे पहिल्याच वर्षी का सुचलं नसेल? आणि चार महिने बंद राहूनही व्यापारी आणि त्या बायका परत कशा आल्या?

याच गोष्टीत आणखी तीन ठिकाणी कात्री लावता येते. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत, हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात विकायला. मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवा, हिशेब चोख ठेवा, असा आग्रह धरला. वर्गात दोन प्रतींची बाजू घेणाऱ्यांना आधी बोलू द्या, ती बाजू कमजोर नाही. दुसरी तोड 1961 ची: मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला, आता पुन्हा विस्तार करावा का? यशोगाथांत हा प्रसंग गाळला जातो, म्हणून तो मला जास्त मोलाचा वाटतो. तिसरी, देणगी नाकारण्याचा निर्णय. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये असताना देणगी नको म्हणणं हा व्यवसायाचा निर्णय आहे की अभिमानाचा? इथे वाद पेटतो. पेटू द्या.

आकड्यांची केस स्वतः लिहा

लिज्जतसारखी केस विचाराला चालना देते, पण आकडेमोड तिच्यात थोडी. उद्योजकता शिकवताना निदान एक केस तरी अशी हवी की जिच्यात कॅल्क्युलेटर काढावाच लागेल. खालची केस काल्पनिक आहे, आकडे वर्गात मांडायला सोपे पडावेत म्हणून गोल ठेवले आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. पोळी 12 रुपयांना जाते, सगळा व्यवहार रोखीचा. गाठीला 60,000 रुपये आहेत. जवळच्या कारखान्याच्या कँटीनकडून विचारणा आली: रोज 400 पोळ्या, महिन्याचे 26 दिवस, दर 9 रुपये. बिल महिनाअखेरीला द्यायचं आणि त्यानंतर 45 दिवसांनी पैसे. एका पोळीला पीठ, तेल, गॅस मिळून 5 रुपये. दोन बायका आणखी लावाव्या लागतील, महिन्याला प्रत्येकी 12,000, मजुरी दर आठवड्याला. टेम्पोचे 4,000. परवा कळवायचं आहे.

पहिली दहा मिनिटं वर्ग दरावर अडतो: बारा मिळत असताना नऊला का द्यायची? मग कुणीतरी गुणाकार करतं. महिन्याला 10,400 पोळ्या, विक्री 93,600. खर्च 52,000 अधिक 24,000 अधिक 4,000, म्हणजे 80,000. उरतात 13,600. ‘घ्यायची ऑर्डर!’ असा एकच गलका होतो. होऊ द्या. फळ्यावर 13,600 ठळक लिहा आणि त्याभोवती गोल करा.

नंतर फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि दिवस लिहा: 1, 30, 75. विचारा, पहिला रुपया कोणत्या दिवशी हातात येणार? महिनाभर माल, मग बिल, मग 45 दिवस. पंचाहत्तराव्या दिवशी. तोपर्यंत अडीच महिन्यांचा खर्च झालेला असेल, ढोबळमानाने दोन लाख. ताईंकडे साठ हजार. म्हणजे चौथ्या आठवड्यातच गाठीचे पैसे संपतात. आकडा मुलांना काढू द्या, तुम्ही सांगू नका. खेळतं भांडवल (वर्किंग कॅपिटल), म्हणजे विक्रीचे पैसे येईपर्यंत धंदा चालवायला लागणारी रक्कम, याची व्याख्या यानंतर लिहून द्यायची गरज उरत नाही.

आता पर्यायांवर या. दर आठवड्याला बिल मागावं का? दोनशेच पोळ्या घ्याव्यात का? पिठाच्या दुकानदाराकडे उधारी होईल? बँकेचं कर्ज घेतलं तर? दोन लाखांवर वर्षाला 12 टक्के धरले तर महिन्याला 2,000 व्याज, म्हणजे 13,600 मधून 11,600 उरले. छोट्या उद्योगांसाठीच्या मुद्रा कर्ज योजनेत ही रक्कम ‘शिशु’ गटाच्या 50,000 च्या मर्यादेबाहेर जाते, त्यावरच्या ‘किशोर’ गटात बसते. कागदपत्रं काय लागतील, हे शोधायला एखाद्या मुलाला बँकेतच पाठवा.

आणि एक पैलू मुद्दाम राखून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार असला तरी मुदत त्यापुढे नेता येत नाही. इथे एक तारखेला दिलेल्या पोळ्यांचे पैसे पंचाहत्तराव्या दिवशी मिळणार. म्हणजे ताईंची नोंदणी असेल तर ही अट कायद्यात बसत नाही. पण ताईंनी पहिल्याच भेटीत खरेदी अधिकाऱ्याला कायदा ऐकवावा का? दोघांना उठवा, एक ताई, दुसरा खरेदी अधिकारी, आणि पाच मिनिटं घासाघीस करू द्या. वाटाघाटीचा पाठ आणखी वेगळा घ्यावा लागत नाही.

खऱ्या दुकानदाराची केस लिहायची असेल तर आधी त्याची परवानगी घ्या आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. आकडे उघड करायला तो कचरला तर सगळ्या रकमांना एकाच संख्येने गुणा, समजा 1.3 ने. खरे आकडे झाकले जातात, पण टक्केवारी आणि गुणोत्तरं जशीच्या तशी राहतात. नाव, गाव बदला. आणि मालकाशी बोलताना ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ असं विचारू नका, ठरलेलं भाषण मिळेल. ‘गेल्या वर्षात झोप कधी उडाली होती?’ असं विचारा.

प्रत्यक्ष तास

अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका तासिकेत केस बसत नाही. दोन जोडून घ्या. जमत नसेल तर पहिल्या दिवशी वाचन आणि गट, दुसऱ्या दिवशी चर्चा.

केस घरी वाचून या, असं सांगितलं तरी वर्गात पहिली दहा मिनिटं वाचनाला द्याच. न वाचता आलेल्यांना बोल लावण्यात तो वेळ वाया घालवण्यापेक्षा हे बरं. नंतर तिघातिघांचे गट. आठ जणांच्या गटात एक मुलगी लिहिते, दोघं बोलतात, बाकीचे मोबाइलमध्ये. तिघांत लपायला जागा नसते.

चर्चा मताने सुरू करा. ‘ऑर्डर घ्यायची? हात वर.’ दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, शेवटी पुन्हा मत घ्यायचं आहे. ज्या बाजूला हात कमी, तिला आधी बोलावा. ‘या केसमधील समस्या ओळखा’ हा प्रश्न टाळा, त्याला पाठ केलेलं उत्तर येतं. ‘परवा सकाळी फोन तुम्ही करणार आहात, पहिलं वाक्य काय बोलाल?’ असं विचारा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प राहणं. प्रश्न विचारून तीन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकतो. मनात दहा आकडे मोजा. कुणी बोललं की लगेच ‘शाब्बास, बरोबर’ म्हणू नका, कारण त्या क्षणी बाकीच्यांचा विचार थांबतो. ‘हे तुला केसमध्ये कुठे दिसलं?’ किंवा ‘याला कोण कापणार?’ एवढं पुरतं. मागच्या बाकावरच्या मुलाला नाव घेऊन विचारायला हरकत नाही, पण पहिल्यांदा सोपा प्रश्न द्या, एखादा आकडाच विचारा. त्याला गाठण्याचा हेतू नाही, चर्चेत ओढायचं आहे. आणि भाषेवरून कुणाला अडवू नका. ‘वर्किंग कॅपिटल’ न म्हणता मुलगी ‘गल्ल्यात पैसाच नाय ना सर’ म्हणाली, तर तेच शब्द फळ्यावर लिहा.

फळ्याचे आधीच तीन भाग पाडा: डावीकडे ठाऊक असलेल्या गोष्टी, मधे आकडे, उजवीकडे पर्याय. मुलं काय बोलतील याचा अंदाज घरीच कागदावर मांडून ठेवा, म्हणजे चर्चा भरकटली तरी कुठे परतायचं ते समोर असतं. पीपीटी नको. स्लाइडवर उत्तर आहे हे कळलं की मुलं स्लाइडची वाट बघत बसतात.

तास संपताना कुणीतरी विचारणारच: ‘सर, पण बरोबर उत्तर काय? परीक्षेला काय लिहायचं?’ खरी केस असेल तर पुढे काय घडलं ते सांगा, पण घडलं ते बरोबरच होतं असं सुचवू नका. काल्पनिक असेल तर दुसऱ्यांदा मत घ्या आणि बाजू बदललेल्यांना विचारा, नेमकं कशाने मत बदललं. बहुतेक जण 75 या आकड्याकडे बोट दाखवतात.

गुण देताना ‘घ्या’ की ‘नको’ यावर देऊ नका. आकडे बरोबर वापरले का, विरुद्ध बाजू मांडली का, गृहीतं लिहिली का, एवढंच पाहा. एक पान पुरे.

तास झाला त्याच दिवशी दहा मिनिटं काढून टिपण करा: कोणत्या प्रश्नावर वर्ग जागा झाला, कुठे दहा मिनिटं फुकट गेली, कोणता आकडा मुलांनी मागितला आणि केसमध्ये नव्हता. टेम्पोच्या भाड्याऐवजी ताईंचा मुलगा स्कूटरवरून पोळ्या पोचवू शकतो का, असं कुणी विचारलं असेल तर पुढच्या वेळी केसमध्ये मुलगा आणि स्कूटर दोन्ही घाला. आणि वर्षाने तीच केस काढाल तेव्हा पीठ, गॅस आणि मजुरीचे दर बाजारात विचारून बदला. जुना दर दिसला की पहिल्या पाच मिनिटांत वर्ग केस सोडून महागाईवर बोलायला लागतो.